चीनमधल्या नूडल्सच्या छोट्या दुकानांत स्वस्तात आणि नीट कसे जेवावे?

पायवाट:

येत्या मार्च महिन्यापासून तीन महिने कामानिमित्त चीनमध्ये राहावे लागणार आहे. पहिले पाच आठवडे लानझोउ, त्यानंतर शिआन, मग चोंगछिंग आणि शेवटी वूहान असा क्रम ठरला आहे. मिळणारा दैनिक भत्ता बेताचाच असल्याने रोजचे जेवण रस्त्याकडेच्या साध्या दुकानांत करावे लागेल, आणि खरे सांगायचे तर मला तेच आवडेल. अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी चार दिवस शांघायमध्ये असताना मी अशाच एका दुकानात शिरलो होतो. भिंतभर चिनी अक्षरे होती, मागे रांग वाढत होती आणि गल्ल्यावरच्या बाई उत्तराची वाट पाहत होत्या. शेवटी शेजारच्या टेबलावरील वाडग्याकडे बोट दाखवले, तेव्हा समोर आले ते डुकराच्या आतड्याचे तुकडे घातलेले नूडल्स. चव वाईट नव्हती, परंतु आपण काय मागवतो आहोत हे आधी कळले असते तर बरे झाले असते.

या गावांतील छोट्या दुकानांत मागणी कशी नोंदवायची, कोणत्या ठिकाणी काय खावे आणि स्वस्त वाडगा म्हणजे हलका माल असे समजावे का, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे. माझ्याबरोबर येणाऱ्या सहकारी शाकाहारी आहेत. त्यांना अंडी चालतात, मांस आणि मासे चालत नाहीत. त्यांच्यासाठीही काही सुचवता आले तर आभारी राहीन.

उत्तरायण:

मी लानझोउमध्ये चार वर्षे काढली असल्याने तेथूनच सुरुवात करतो. भिंतीवरची अक्षरे पाहून आपण घाबरता, कारण तो शंभर पदार्थांचा मेनू आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चांगल्या छोट्या दुकानात मुख्य पदार्थ एकच असतो. बाकीच्या ओळी म्हणजे वरून घ्यायचे मांस, उकडलेले अंडे, थंड भाज्यांच्या बशा आणि पेये. त्यामुळे आपल्याला ठरवायचे असते ते इतकेच की त्या एका पदार्थातील नूडल्स कशा हव्यात. ही निवड फुकट असते आणि चवीतला निम्मा फरक तिच्यामुळेच पडतो.

लानझोउमध्ये तो पदार्थ म्हणजे न्यूरौमिएन, अर्थात गोमांसाच्या रश्शातील हाताने ओढलेले नूडल्स. इतर शहरांत ‘लानझोउ लामिएन’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. ती दुकाने बहुतांशी शेजारच्या छिंगहाय प्रांतातील हुआलोंग भागातून आलेल्या लोकांची आहेत. लानझोउच्या माणसासमोर ‘लामिएन’ हा शब्द उच्चारलात तर तो तुम्हाला बाहेरचा समजून हसतो आणि समजावून सांगू लागतो, म्हणून तेथे न्यूरौमिएनच म्हणावे. चांगल्या वाडग्याची कसोटी तेथे रंगांवरून सांगितली जाते: रस्सा नितळ, मुळ्याच्या चकत्या पांढऱ्या, मिरचीचे तेल लाल, कोथिंबीर व लसणाची पात हिरवी आणि नूडल्स पिवळसर. हा पिवळेपणा रंग घालून आणलेला नसतो. कणकेत पूर्वी एका रानटी झुडपाची राख विरघळवून घालत, तिला फंगहुइ म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी त्याच क्षाराची तयार पूड वापरतात. या क्षारामुळे पिठातील चिकटपणा घट्ट होतो, कणीक न तुटता ताणली जाते आणि रंगही पिवळसर येतो.

गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यावी, ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यावी आणि त्याच क्षणी जाडी सांगावी. माओशी म्हणजे केसासारखी बारीक, शी म्हणजे बारीक, अर्शी म्हणजे किंचित जाड व चावायला भरीव, ज्यूये म्हणजे लसणीच्या पातीसारखी चपटी आणि दाक्वान म्हणजे दोन बोटांहून रुंद पट्टी. ओढणारा माणूस कणकेचा दोर दुमडतो तेव्हा दर वेळी धागे दुप्पट होतात. आठ दुमडींत २५६ धागे तयार होतात, आणि हे सारे आपल्या डोळ्यांसमोर मिनिटभरात उरकते. नवख्याने अर्शी मागावी असे माझे मत आहे. माओशी दिसायला मोहक असली तरी गरम रश्शात ती लवकर मऊ पडते, आणि फोटो काढत बसणाऱ्याच्या वाट्याला लगदाच येतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वेळेची. लानझोउमध्ये हे सकाळचे आणि दुपारचे खाणे आहे. रस्सा रात्रभर शिजवलेला असतो, तो पहाटेपासून विकला जातो, आणि अनेक नावाजलेली दुकाने दुपारी दोन-तीनच्या सुमारास बंद होतात. संध्याकाळी सात वाजता ‘सर्वांत चांगले दुकान’ शोधायला निघालेला पाहुणा हमखास बंद दारासमोर उभा राहतो. ही दुकाने मुस्लिम हुइ समाजाच्या परंपरेतील आहेत. आज विकल्या जाणाऱ्या पद्धतीचे श्रेय मा बाओझी या हुइ गृहस्थांना देतात आणि त्यांच्या विक्रीची सुरुवात १९१५ सालची सांगतात. दारावर ‘छिंगझेन’, म्हणजे हलाल, अशी पाटी असेल तर आत डुकराचे मांस मिळत नाही आणि बाहेरून आणलेली बिअर उघडणेही असभ्य समजले जाते.

स्वस्त म्हणजे हलका माल का, या प्रश्नाला तेथील माणूस नाहीच म्हणेल. २००७ साली दर वाढले तेव्हा शहराच्या प्रशासनाने साध्या दर्जाच्या दुकानांतील मोठ्या वाडग्यासाठी २.५ युआन अशी कमाल मर्यादा घातली होती, इतका हा जिव्हाळ्याचा विषय आहे. आता मर्यादा नाही आणि दरही चढले आहेत, तरी १० युआनच्या आसपास पोटभर वाडगा मिळतो. त्यात मांसाचे मात्र चार बारीक तुकडेच असतात. अधिक हवे असल्यास मांसाची बशी आणि अंडे वेगळे घ्यावे लागते, आणि या दोन्हींच्या जोडीला स्थानिक लोक ‘रौ दान श्वांग फेइ’, म्हणजे मांस आणि अंड्याचे जोडीने उड्डाण, असे गमतीने म्हणतात.

मृद्गंध:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी चोंगछिंग आणि वूहान यांची भर घालते.

चोंगछिंगमध्ये शियाओमिएन खावे. शब्दशः अर्थ ‘लहान नूडल्स’ असला तरी लहान काहीच नसते. येथे जाडीऐवजी वजन सांगतात. एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम, आणि हे वजन नूडल्सचे असते, भरलेल्या वाडग्याचे नव्हे. ‘अर ल्यांग’ म्हणजे दोन ल्यांग बहुतेकांना पुरतात. मी पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात ‘सान ल्यांग’ मागवले, म्हणजे तीन ल्यांग, आणि शेजारी बसलेल्या आजोबांनी माझा वाडगा रिकामा होतो की नाही यावर शेवटपर्यंत लक्ष ठेवले होते.

या पदार्थाचे सारे कसब मसाल्यात आहे. दुकानदार सकाळी वाडग्यांची रांग मांडून प्रत्येकात सोया सॉस, लसणाचे पाणी, आल्याचे पाणी, मिरचीचे तेल, तिरफळाच्या कुळातील हुआज्याओची पूड, तिळाचे वाटण, खारवलेल्या पाल्याचा चुरा, शेंगदाण्याचा कूट असे एकेक चमचा टाकत जातो. नूडल्स व पालेभाजी सर्वांत शेवटी पडते. म्हणूनच तिखट कमी हवे असल्यास बसल्यावर सांगून उपयोग होत नाही. वाडगा भरायच्या आधी ‘वेइला’ म्हणावे. रस्सा नको असेल तर ‘गानल्यू’, पालेभाजी जास्त हवी असेल तर ‘ज्या छिंग’ आणि नूडल्स थोड्या कमी शिजवून भरीव हव्या असतील तर ‘ती ह्वांग’ म्हणतात. हे चार शब्द पाठ केले तर भिंतीवरची यादी वाचण्याची गरज उरत नाही. वाटाणे आणि खिम्याची भर घातलेला वानझामिएन हा थोडा महाग प्रकारही जरूर खावा. मऊ शिजलेले वाटाणे तिखट तेलाची धार बोथट करतात.

बसायला जागा नसेल तर संकोच करू नये. प्लास्टिकचे उंच स्टूल म्हणजे टेबल आणि बुटके स्टूल म्हणजे खुर्ची, अशी व्यवस्था फुटपाथवर मांडलेली असते आणि बँकेतला अधिकारी व हमाल गुडघे दुमडून एकाच रांगेत जेवत असतात.

वूहानचा रगानमिएन अगदी वेगळा आहे. त्यात रस्सा नसतो. क्षार घातलेल्या नूडल्स आधीच अर्ध्याहून अधिक शिजवून, तेल चोळून, पंख्याखाली पसरून गार केलेल्या असतात. आपण मागितल्यावर त्या गाळणीत घालून उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवतात आणि त्यावर तिळाचे दाट वाटण, खारवलेला मुळा, चवळीच्या आंबट शेंगा व पातीचा कांदा घालतात. वाडगा हातात पडताच तळापासून ढवळावा, कारण अर्धा मिनिट उशीर झाला तरी वाटणाच्या गुठळ्या होतात आणि मग कितीही ढवळले तरी अर्ध्या नूडल्स कोरड्याच राहतात. सकाळच्या न्याहारीला तेथे ‘ग्वोझाओ’ म्हणतात आणि लोक कागदी वाडगा हातात घेऊन चालता चालता, बसथांब्यावर उभे राहून खातात. सोबत दानज्यू, म्हणजे तांदळाच्या गोडसर दारूत फेटलेले गरम अंडे, घेण्याची पद्धत आहे. वाटण घशाला जड वाटते, त्यावर हा उतारा चांगला पडतो.

तळटीप:

एका बाबतीत उत्तरायण यांच्याशी माझा मतभेद आहे. नूडल्स हाच पदार्थ आणि वरचे सारे दुय्यम, हे वायव्य चीनपुरते ठीक आहे. मी शांघायजवळच्या सुझोउ शहरात राहिलो आहे, आणि तेथे उलट वरून घ्यायच्या पदार्थाभोवती, म्हणजे ज्याओतोउभोवती, सगळी निवड फिरते. तळलेला मासा, मुरवलेले मांस, कोळंबी, कोवळे बांबू अशा वीसतीस पर्यायांतून एक निवडायचा असतो आणि तोच वाडग्याची किंमत ठरवतो. नुसत्या नूडल्सना तेथे ग्वांगमिएन म्हणतात. ते सर्वांत स्वस्त असतात, आणि त्यांवरूनच दुकानाचा रस्सा पारखता येतो.

मात्र नूडल्सबाबत चोखंदळपणा तेथेही कमी नाही. रस्सा कमी की जास्त, पातीचा कांदा अधिक की मुळीच नको, नूडल्स कडक की मऊ, आणि ज्याओतोउ नूडल्सवर टाकायचे की वेगळ्या बशीत द्यायचे, हे सारे एका दमात सांगण्याची रीत आहे. वेगळी बशी हवी असल्यास ‘ग्वोछ्याओ’, म्हणजे ‘पूल ओलांडून’, असे म्हणतात. जुने गिऱ्हाईक पहाटे उठून ‘तोउतांगमिएन’साठी जाते. भांड्यातले पाणी ताजे असताना उकळलेल्या पहिल्या नूडल्सना हे नाव आहे. पुढे पाण्यात पिठूळपणा वाढत जातो आणि नूडल्सचा स्वच्छपणा हरवतो. धागाकर्त्यांच्या वाटेत सुझोउ नसले तरी पाण्याचा हा नियम कुठेही लागू पडतो, त्यामुळे स्वस्त दुकानात जायचेच तर लवकर जावे.

आणखी एक खुलासा. मिएन म्हणजे गव्हाच्या नूडल्स आणि फन म्हणजे तांदळाच्या किंवा अन्य पिष्टाच्या. चिनी माणसाच्या लेखी हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि ग्वेलिन शहराच्या मिफनला, म्हणजे तांदळाच्या नूडल्सना, कोणी मिएन म्हटले तर ते चूकच समजले जाते.

मृद्गंध:

तळटीप यांचा मुद्दा मान्य. परंतु तीन महिने भत्त्यावर राहणाऱ्या माणसाने ज्याओतोउच्या मागे लागू नये. त्यातच पैसे जातात.

सांजवेळ:

मी स्वतः शाकाहारी आहे आणि शिआनमध्ये दीड वर्ष शिकत होते, म्हणून सहकारी बाईंविषयी लिहिते.

प्रथम कटू भाग. ‘सू’, म्हणजे शाकाहारी, हा शब्द साध्या दुकानात उच्चारला की बहुतेक जण त्याचा अर्थ ‘वर मांसाचे तुकडे नकोत’ एवढाच घेतात. रस्सा हाडांचा असतो, आणि चोंगछिंगच्या शियाओमिएनमध्ये मांस दिसत नसले तरी वाडग्याच्या तळाशी डुकराच्या चरबीचा चमचा घातलेला असतो. शांघायकडचे यांगछुनमिएन हे नुसत्या सोया सॉसच्या रश्शातील सात्त्विक नूडल्स दिसतात, पण त्यांचा सुगंधही चरबीचाच. यात कोणी फसवत नाही. त्यांच्या दृष्टीने चरबी म्हणजे मसाला. म्हणून ‘मांस नको’ एवढे न म्हणता ‘मांस नको, हाडांचा रस्सा नको, डुकराची चरबी नको’ अशी तीन वाक्ये चिनी लिपीत मोबाइलवर लिहून ठेवावीत आणि पैसे देण्यापूर्वी दाखवावीत. लानझोउच्या न्यूरौमिएनचा नाद तर त्यांनी सोडूनच द्यावा. मांस वगळता येते, परंतु रस्सा हाच तो पदार्थ आहे.

आता चांगला भाग, आणि तो शिआनमध्ये आहे. योउपोमिएन हा रश्शाशिवायचा प्रकार आहे. रुंद नूडल्सवर मिरचीची पूड, पातीचा कांदा आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात; चर्र असा आवाज होतो आणि सारे दुकान त्या वासाने भरते. तेल वनस्पतीचे आहे ना, एवढे विचारून घ्यावे. पट्ट्यासारख्या रुंद ब्यांगब्यांगमिएनलाही हीच फोडणी देता येते. त्या नावाचे अक्षर काढायला ५० हून अधिक रेघा लागतात. ते दुकानाच्या पाटीवर भले मोठे रंगवलेले असते, त्यामुळे चिनी न येणाऱ्यालाही ओळखू येते. टोमॅटो-अंड्याचे नूडल्स जवळजवळ सर्वत्र मिळतात, मात्र रस्सा टोमॅटोचा असावा, हाडांचा नव्हे, हे तेथेही सांगावे लागते. उन्हाळ्यात ल्यांगफी, म्हणजे पिष्टाच्या वाफवलेल्या गार पट्ट्या, काकडी, मोड आलेले मूग, व्हिनेगर आणि तिखट तेलात कालवून देतात. माझे निम्मे उन्हाळी जेवण त्यावरच होत असे.

वूहानचा रगानमिएन वरवर शाकाहारी आहे, परंतु काही ठिकाणी त्यात मांस शिजवलेला खारट मसालेदार रस पळीभर घालतात. त्याला लूश्वेइ म्हणतात आणि तो नको असे सांगता येते. एवढे करूनही नूडल्स उकळण्याचे भांडे सर्वांसाठी एकच असते. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी भोजनालयांत जावे. तेथे कांदा-लसूणही नसतो आणि दर थोडे अधिक असतात.

हिशेबी:

पैशांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात सांगतो. छोट्या दुकानात भिंतीवर चौकोनी कोड चिकटवलेला असतो. अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे देण्याच्या अ‍ॅपमधून तो टिपायचा, रक्कम आपणच भरायची आणि दुकानातल्या छोट्या स्पीकरच्या डबीतून आवाज आला की पैसे पोहोचले असे समजायचे. परदेशी कार्ड या दोन्हींना जोडता येते, पण ओळख पडताळणीसाठी पासपोर्ट लागतो, म्हणून ते काम निघण्यापूर्वीच उरकावे. रोख रक्कम नाकारण्यास चीनच्या मध्यवर्ती बँकेने मनाई केली आहे. तरीही पहाटे सहा वाजता १०० युआनची नोट पुढे केल्यास सुटे मिळण्याची आशा धरू नये. पाच आणि दहाच्या नोटा जवळ असाव्यात.

काही ठिकाणी टेबलावरच्या कोडवरून मागणी नोंदवावी लागते. तेथे मोबाइलच्या भाषांतराने पदार्थांची विचित्र नावे दिसतात. छायाचित्र पाहून निवडणे अधिक सुरक्षित.

पायवाट:

सर्वांचे मनापासून आभार. अर्शी, अर ल्यांग, वेइला आणि गानल्यू हे शब्द वहीत उतरवले आहेत, आणि सहकारी बाईंनी सांजवेळ यांची तीन वाक्ये आताच मोबाइलवर लिहून घेतली आहेत. एक बारीक शंका उरली आहे. शांघायच्या त्या दुकानात प्यायला पाणी ठेवलेले नव्हते आणि मागायचे कसे हे मला कळले नाही. या दुकानांत लोक जेवताना काय पितात?

उत्तरायण:

गार पाणी कोणी देत नाही, कारण तेथे ते जेवणाबरोबर पिण्याची सवय नाही. रश्शाचे नूडल्स असतील तर रस्सा हेच पेय. शिआनमध्ये कोरडे नूडल्स मागवलेत तर ‘मिएनतांग’ मागा. नूडल्स उकळलेले ते पांढुरके गरम पाणी असते, त्यात मीठही नसते. ज्या पाण्यात अन्न शिजले तेच पाणी ते अन्न पचवते अशा अर्थाची म्हण तेथे प्रसिद्ध आहे, आणि तिखट तेलानंतर ते घशाला खरोखर बरे वाटते. सोबत टेबलावर लसणाचा अख्खा गड्डा ठेवलेला दिसेल. नूडल्सबरोबर लसूण खाल्ला नाही तर निम्मी चव गेली असे तेथे मानतात, त्यामुळे तो सोलून कच्चाच खायचा असतो. लसूण आणि मिएनतांग या दोन्हींचे पैसे पडत नाहीत. मात्र मिएनतांग बहुधा दाराजवळच्या मोठ्या भांड्यात असते, आणि वाडगा घेऊन आपणच ते ओतून आणावे लागते.